गोळी बंद करण्याआधी

आधी उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नाही, आज रात्रीची गोळी चुकवायची नाही. उद्याचीही नाही. तू पाठवलेला व्हिडिओ मी दुकानात गिऱ्हाईक नसताना पूर्ण पाहिला. त्यातलं निम्मं खरं आहे गं, आणि तोच घोळ आहे. सगळंच खोटं असतं तर एका वाक्यात निकाल लावला असता.

तू लिहिलंस, "ताई, सेरोटोनिनची गोष्टच खोटी निघाली म्हणे. मग दिवाळीपासून मी खातेय ते काय?" चांगला प्रश्न आहे. डॉक्टरांनाच विचारायला हवा होतास, पण बाहेर एवढी माणसं ताटकळत बसलेली असताना आत गेल्यावर तोंडाला कुलूप लागतं, हे मला ठाऊक आहे. मी काही डॉक्टर नाही. डी. फार्म. करून मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहणारी बाई. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याला जे दिसत नाही ते आम्हाला दिसतं. कोण महिन्याचं औषध एकदम नेतं, कोण अर्धी पट्टी कापून मागतं, कोण "घरी बीपीची म्हणून सांगितलंय हं" असं हळूच बजावतं आणि कोण दोन महिन्यांनी यायचंच बंद होतं.

तर तो व्हिडिओ. २०२२ च्या जुलैत लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोॲना मॉनक्रीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या मोठमोठ्या आढाव्यांचा मिळून एक आढावा छापला. मेंदूत सेरोटोनिन कमी पडल्यामुळे नैराश्य येतं, याला सुसंगत पुरावा सापडत नाही, असं त्यांनी म्हटलं. इथवर तुझा व्हिडिओवाला बरोबर. "म्हणून गोळ्या आजच कचऱ्यात टाका" ही उडी मात्र त्याची स्वतःची. त्या लेखात गोळ्यांनी गुण येतो की नाही हे तपासलेलंच नव्हतं. शिवाय त्या लेखाचे एक सहलेखक मार्क हॉरोविट्झ हे या गोळ्या किती सावकाश उतरवाव्यात, या विषयावरच्या कामासाठीच ओळखले जातात. ज्यांच्या लेखाच्या जोरावर हा बाबा "सोडा" म्हणून ओरडतोय, तेच "एकदम सोडू नका" म्हणून घसा कोरडा करताहेत. ते काही व्हिडिओत आलं नाही.

या सेरोटोनिनच्या गोष्टीचं एक मूळ मुंबईत आहे. सांगते, कारण मला ती गोष्ट फार आवडते. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये लिहिलं की आपल्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो. जगाचं लक्ष गेलं. पुढे त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि देशोदेशी बीपीसाठी दिलं जाऊ लागलं. मग नोंदी यायला लागल्या की काही रुग्ण या औषधावर उदास होतात, खचतात. त्याच दशकात टीबीच्या रुग्णांना दिलेल्या इप्रोनियाझिडने उलटंच केलं. आजारी माणसं हसायला-बोलायला लागली, त्यांना भूक लागायला लागली. रेसर्पिन मेंदूतली सेरोटोनिनसारखी द्रव्यं रिकामी करतं, इप्रोनियाझिड ती टिकवून धरतं, हे कळल्यावर शास्त्रज्ञांनी दोन टोकं जोडली: ही द्रव्यं कमी पडली की माणूस खचत असणार. तर्क वाईट नव्हता. पण रेसर्पिनने खरंच नैराश्य येतं का, यावरही पुढे शंका घेतल्या गेल्या. तोवर १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला परवानगी मिळाली होती आणि 'मेंदूतलं रसायन कमी पडलंय' हे वाक्य कंपन्यांच्या जाहिरातींतून निघून आपल्या दवाखान्यांपर्यंत येऊन पोचलं. फार सोयीचं वाक्य आहे ते. पेशंटला लाज वाटत नाही आणि डॉक्टरचा वेळ वाचतो.

गुण येतो का, हा प्रश्न निराळा. पॅरासिटामॉलने डोकं थांबलं म्हणून अंगात पॅरासिटामॉल कमी होतं असं कुणी म्हणत नाही. २०१८ मध्ये ऑक्सफर्डच्या आंद्रेआ सिप्रियानी आणि मंडळींनी ५२२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. एक लाख सोळा हजारांवर माणसं, २१ औषधं. एकूण एक औषध नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरलं. मात्र सरासरी फरक माफक आहे आणि बहुतेक चाचण्या जेमतेम दोन महिन्यांच्या आहेत. जादू नाही, आणि थोतांडही नाही. आजार जितका जड, तितका गोळीचा उपयोग जास्त कळून येतो, असंच बहुतेक डॉक्टर सांगतील.

हा सगळा वाद पेटला तो मुख्यतः इंग्लंड-अमेरिकेत. एकट्या इंग्लंडमध्ये वर्षाला ऐंशी लाखांहून जास्त लोकांना या गोळ्या लिहिल्या जातात. तिथल्या सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की नैराश्य सौम्य असेल तर पहिला उपाय म्हणून सरसकट गोळी देऊ नये, आधी बोलण्याचे उपचार पुढे ठेवावेत. पेशंटला गोळीच हवी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे हा वाद व्हायलाच हवा. पण तोच वाद मोबाइलवरून सोलापुरात उतरतो तेव्हा नेमका चुकीच्या घरात शिरतो. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्य असलेल्या शंभरातल्या पंच्याऐंशी जणांना काहीच उपचार मिळत नव्हते. (पाहणीतल्या बारा राज्यांत आपला महाराष्ट्र नव्हता. पण आपल्याकडे चित्र फार वेगळं असेल असं माझ्या काउंटरवरून तरी वाटत नाही.)

पूर्व भागातून विड्या वळणाऱ्या बायका येतात ना, त्यांचं बघ. मान आखडली, डोकं जड, झोप नाही, घास उतरत नाही. कुणीतरी सलाईन लावतं, कुणी ताकदीच्या गोळ्या देतं, कुणी दुखण्याचं इंजेक्शन. घरात काय चाललंय, रडू येतं का, हे कुणी विचारत नाही. आपले डॉ. विक्रम पटेल, म्हणजे मुंबईत जन्मलेले आणि गोव्यात काम केलेले, त्यांच्या गटाने तिथल्या अडीच हजार बायकांची पाहणी केली होती. अंगावरून पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांमध्ये जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाचा संबंध जास्त ठळक निघाला. वाचलं तेव्हा मला आपल्या आईची आठवण झाली. किती वर्षं ती त्याच तक्रारीसाठी दवाखाने करत होती, आणि ती वर्षं तिच्यासाठी कसली होती हे तुला-मला माहीत आहे.

दुसरीकडे गरज नसताना खाणारेही आहेतच. तीन वर्षांपूर्वीची चिठ्ठी लॅमिनेट करून आणणारे काका आहेत. रोज झोपेची अर्धी गोळी, आता अर्धीने भागत नाही. लक्षात ठेव, त्या गोळ्या वेगळ्या आणि तुझी वेगळी. अल्प्राझोलम, डायझेपाम, झोल्पिडेम यांना मार्च २०१४ पासून एच-१ अनुसूचीत टाकलंय. विकताना आम्हाला वेगळ्या रजिस्टरमध्ये पेशंटचं आणि डॉक्टरचं नाव लिहावं लागतं आणि ते तीन वर्षं जपावं लागतं. त्यांची खरी सवय लागते. तुझ्या एस्सिटालोप्रामची तशी तलफ येत नाही. पण शरीराला तिची ओळख होते, म्हणून एकदम सोडली की शरीर कुरकुरतं. तुझ्या चिठ्ठीत सोबत क्लोनाझेपाम होतं ते मी पाहिलंय. ते सुरुवातीच्या आठवड्यांपुरतं असतं. अजून चालू असेल तर पुढच्या खेपेला पहिला प्रश्न त्याचाच काढ. आपल्याकडे ही दोन्ही औषधं एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे कित्येकांना आपण दोन औषधं खातोय हेच माहीत नसतं.

आणि नियमही आपल्याकडे कसे चालतात ते ऐक. फ्लुपेंटिक्सॉल आणि मेलिट्रासेन अशी एक जोडगोळी भारतात धडाक्यात खपायची. कंपनी डेन्मार्कची, आणि खुद्द डेन्मार्कमध्ये ती विकायला परवानगी नाही. २०१२ मध्ये संसदेच्या समितीने हे चव्हाट्यावर आणलं, २०१३ मध्ये केंद्राने बंदी घातली, मग प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा गोळीबद्दल शंका घेणारे सगळे येडे असतात, असं मी कधीच म्हणणार नाही. शंका घे. फक्त ती घेऊन डॉक्टरकडे जा, कचऱ्याच्या डब्याकडे नको.

हो, आणि 'नैराश्याची गोळी' या नावावरून गैरसमज करून घेऊ नकोस. मधुमेहाने पायाची आग होते म्हणून आपल्या मामांना ड्युलॉक्सेटीन चालू आहे, अर्धशिशीसाठी कित्येकींना अमिट्रिप्टिलीन देतात. तीही याच घरातली औषधं. मामी मात्र गूगलवर बघून घाबरली आणि मला विचारत होती, "यांच्या डोक्याचं काही आहे का गं?"

गोव्याचं अजून थोडं सांगते, कारण 'गोळी की बोलणं' या भांडणाचं इतकं प्रामाणिक उत्तर मला दुसरीकडे दिसलं नाही. २००३ मध्ये पटेलांच्या गटाने साध्या ओपीडीतल्या साडेचारशे रुग्णांवरची चाचणी छापली. काहींना फ्लुऑक्सेटीन, काहींना नकली गोळी, काहींना बोलण्याचा उपचार. दोन महिन्यांनी गोळी नकलीपेक्षा सरस ठरली, आणि बोलण्याचा उपचार ठरला नाही. बोलण्याची बाजू घेणाऱ्यांना हे गिळायला अवघडच. पण पटेलांच्या गटाने बोलण्याचा नाद सोडला नाही, बोलायचं कसं तेच बदललं. स्थानिक, डॉक्टर नसलेल्या माणसांना शिकवलं आणि सहा ते आठ बैठका ठरवल्या, कधी आरोग्य केंद्रात, कधी पेशंटच्या घरी. त्या बैठकांत काय करायचं? माणसाने कोणकोणती कामं, कुठल्या भेटीगाठी सोडून दिल्यात ते शोधायचं आणि एकेक पुन्हा सुरू करायचं, लहान लहान तुकडे करून. २०१६ च्या अखेरीस निकाल आला. जड नैराश्य असलेल्या जवळपास पाचशे जणांमध्ये, नेहमीच्या उपचारांसोबत या बैठका मिळालेल्या शंभरातले ६४ तीन महिन्यांनी बरे होते. न मिळालेल्यांतले ३९. अमरावतीकडच्या गावांमध्येही 'विश्राम' नावाने असंच काम झालं आणि उपचारांपर्यंत पोचणारी माणसं कितीतरी वाढली.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे की आपल्याकडे गोळी जास्त झाली का कमी, यावर भांडण्यात अर्थ नाही. गोळी लिहिली जाते आणि तिच्यासोबतचं बोलणं लिहिलं जात नाही, दुखणं ते आहे. कशासाठी देतोय, किती महिने, कधी भेटायचं, कशी थांबवायची, यातलं काहीच चिठ्ठीवर नसतं. मग पेशंट हे सगळं मेडिकलवाल्याला, शेजारणीला नाहीतर यूट्यूबला विचारतो.

तुझ्या बाबतीत मात्र मला शंका नाही. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं. नळाला पाणी आलं, सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन धावतेय आणि तू पलंगावरून उठली नाहीस, तेव्हाच मी ओळखलं होतं. पहाटे तीनला जाग, वजन उतरलेलं, धाकट्याचा अभ्यास सोडलेला, आणि एकदा "मी नसते तर यांचं बरं चाललं असतं" म्हणालीस. त्याला सौम्य म्हणत नाहीत राणी. त्या वेळी गोळी सुरू झाली ते योग्यच झालं. तशा विचारांनी परत डोकं वर काढलं तर रात्री दोन वाजताही मला फोन कर. माझा नाही लागला तर १४४१६, टेली-मानस. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलतात.

आता जे तू विचारलं नाहीस, पण मला वाटतं व्हिडिओ पाठवण्यामागे तेच आहे. या गोळ्यांनी नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा कमी होते. झाली तरी समाधान मिळत नाही. बायकांचं होतं, पुरुषांचंही होतं, आणि कुणी सांगत नाही, कारण डॉक्टर विचारत नाही. तुझ्या नवऱ्याला वाटत असेल की तू त्याच्यापासून लांब गेलीस. तुला वाटत असेल तू बिघडलीस. औषधाचा ज्ञात दुष्परिणाम आहे तो. मात्रा बदलून किंवा औषध बदलून पुष्कळदा मार्ग निघतो. डॉक्टरांना तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकव. बायका मला असे कागद काउंटरवर देतात, सॅनिटरी पॅड मागताना देतात तसे, घडी घालून. आणि सुरुवातीला आठ-पंधरा दिवस मळमळ, बेचैनी होती ती गेली ना? ती बहुतेकांची जाते. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना पहिल्या आठवड्यांत जास्त जपावं लागतं, कारण कधीकधी नको ते विचार वाढतात; अमेरिकेने त्यासाठी औषधांवर ठळक इशारा छापायला लावलाय. आपल्या भाचीला उद्या कुणी लिहून दिलीच, तर तिच्या आईला हे सांगून ठेव.

थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ केलंस का? नसेल तर करून घे. थायरॉईड मंदावला तरी माणूस असाच ढेपाळतो, आणि आपल्या शाकाहारी घरात बी-१२ कमी निघणं काही नवल नाही.

आता थांबवण्याबद्दल. पहिल्यांदाच झालेलं नैराश्य असेल तर बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवतात. तुला संक्रांतीच्या सुमारास बरं वाटायला लागलं, गड्ड्याच्या जत्रेत मुलांना घेऊन स्वतः गेलीस. म्हणजे हिशेब दसऱ्या-दिवाळीच्या आसपास जातो. जन्मभर नाही. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये एक चाचणी छापली. बरीच वर्षं गोळी घेणारे, आता बरे असलेले ४७८ जण. निम्म्यांची हळूहळू थांबवली. वर्षभरात थांबवलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना त्रास उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. दोन्ही बाजूंनी वाच हे आकडे. थांबवल्यावरही चव्वेचाळीस टक्के ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही बऱ्याच जणांना परत झालं.

उतरवताना चक्कर, डोक्यात करंट गेल्यासारखं, चिडचिड, विचित्र स्वप्नं असं होऊ शकतं. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात गोळी थांबवलेल्या साधारण ३१ टक्के लोकांनी असा काहीतरी त्रास सांगितला. गंमत म्हणजे नकली गोळी थांबवणाऱ्यांपैकीही १७ टक्क्यांनी सांगितला. फार तीव्र त्रास थोड्यांनाच. हा त्रास दोन-चार दिवसांत सुरू होतो. आजार परत येत असेल तर तो सहसा काही आठवड्यांनी, पहिल्यासारखाच हळूहळू पावलं टाकत येतो. हा फरक कळला नाही की लोक करंटलाच आजार समजतात आणि घाबरून गोळी पुन्हा सुरू करतात, आणि मग म्हणतात, सुटतच नाही. एक दिवसाआड घेऊन सोडायचा प्रयोगही करू नकोस. ही गोळी रक्तातून लवकर उतरते, तुझं शरीर रोज वरखाली होईल. मात्रा कमी करत जायचं, आणि शेवटचे टप्पे सगळ्यात सावकाश.

सासूबाईंना सांगायचं का, असंही तू मागे विचारलं होतंस. गोळी ज्वारीच्या डब्यात लपवून ठेवण्यापेक्षा सांगितलेलं बरं, पण नवऱ्याने सांगू दे. "डॉक्टरांनी वर्षभराचा कोर्स दिलाय" एवढंच पुरे. त्या दोन दिवस "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही" म्हणतील. म्हणू देत. बिलं मात्र फेकू नकोस. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला लावलंय. पॉलिसीत काय-काय बसतं ते एजंटला नीट विचार.

फिजिशियनने सुरू केलीय ना तुझी? हरकत नाही, आपल्याकडे मानसोपचारवाले पुरे पडत नाहीत, त्यांनी तरी लिहायला नको का? पण एकदा मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. खासगीचे पैसे जड वाटत असतील तर सिव्हिलमध्ये विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढायचा, मी येते सोबत. आत गेल्यावर चार गोष्टी विचारायच्या आणि उत्तरं तिथेच वहीत लिहायची: क्लोनाझेपाम कधी बंद, ही गोळी कोणत्या महिन्यापर्यंत, उतरवायची कशी, आणि गोळीसोबत बोलण्याच्या बैठका कुठे मिळतील. उतरवायला सुरुवात दिवाळीच्या धामधुमीत नको. फराळ, पाहुणे, जागरणं, त्यात डोक्यात करंट, कशाला? भाऊबीज उरकू दे. शाळा उघडली की त्यांच्या सल्ल्याने पहिला टप्पा घे. त्या पंधरवड्यात मुलांची संध्याकाळ माझ्याकडे, दुकान मी दुपारीच पोरावर सोपवून येईन. आणि आजची गोळी जेवल्यावर घे, रिकाम्या पोटी घेऊन परत मळमळ म्हणशील.